नवे बूट आणि तीन दिवसांची नोटीस

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे "मराठी विभागासाठी काहीतरी लिही" असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा आधी घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतच लिहायचा हे नक्की होतं, कारण बूट चावतो तो मराठीतच! शाळेत आम्ही 'शू-बाइट' म्हणायचो आणि तो शब्द अस्सल इंग्लिश आहे असं समजायचो. नंतर कळलं की तो आपल्या भारतीय इंग्लिशमधला आहे. म्हणजे चावणं आपलंच, फक्त नाव इंग्लिश!

तर गोष्ट फेब्रुवारीतली. आम्ही टी.ई.ला, सहावं सेमिस्टर. इंटर्नशिपसाठी एक कंपनी येणार होती. सोमवारी बोर्डावर नोटीस लागली, ड्राइव्ह गुरुवारी. नोटिशीची शेवटची ओळ अशी : स्ट्रिक्टली फॉर्मल्स, टाय आणि ब्लॅक लेदर शूज कंपल्सरी.

झालं! होस्टेलमध्ये एकच धावपळ. कोणी टाय मागतंय, कोणी इस्त्रीसाठी रांगेत उभं आहे. माझा रूममेट कागलकडचा. शाळा झेडपीची, ज्युनिअर कॉलेज तालुक्याचं. आयुष्यभर चप्पल, फार तर पी.टी.चे कॅनव्हास शूज. त्याने घरी फोन केला. वडिलांनी दुधाच्या बिलातून पैसे पाठवले. ते यायला बुधवार उजाडला आणि बुधवारी संध्याकाळी साहेब बाजारातून बूट घेऊन आले. काळे कुळकुळीत, पुढून निमुळते, आरशासारखे चकचकीत. रात्री झोपेपर्यंत त्याने बॉक्स तीन वेळा उघडून बघितला. पायात मात्र घातले ते थेट गुरुवारी सकाळी आठला.

ड्राइव्हचा दिवस कसा असतो हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी ऑडिटोरियममध्ये कंपनीचं भाषण. मग कॉम्प्युटर सेंटरला अॅप्टिट्यूड. यादी लागली की मेकॅनिकलच्या तिसऱ्या मजल्यावर ग्रुप डिस्कशन. त्यातून वाचलात तर अॅडमिन बिल्डिंगमध्ये इंटरव्ह्यू. बसायला खुर्ची कमी आणि जिने जास्त! अकरा वाजता हा लंगडत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "भावा, हा बूट हाय का कुत्रं? दोन्ही टाचा धरल्यात की रं!" दोन वाजेपर्यंत मोजा टाचेला चिकटला होता. जिन्यात बसून त्याने बूट काढले आणि तेवढ्यात नाव पुकारलं. सुजलेला पाय परत आत जाईना. शेवटी बुटाची मागची बाजू टाचेखाली दाबून, चप्पल फटकारत जावं तसा तो आत गेला.

आत त्याला बोर्डवर जाऊन कॅन्टिलिव्हर बीमचा बेंडिंग मोमेंट डायग्राम काढायला सांगितलं. परीक्षेच्या आदल्या रात्री अख्ख्या मजल्याला तो हेच शिकवत असतो. त्या दिवशी त्याने साइन उलटी घेतली. सिलेक्शन झालं नाही.

आता बुटांमुळे गेलं असं मी म्हणणार नाही. तो स्वतःही म्हणत नाही. "बुटावर कशाला ढकलायचं, चुकलं ते माझंच," असं त्याचं म्हणणं. पण सकाळपासून ज्याचं अर्धं लक्ष टाचेत अडकलंय, त्याच्या डोक्यात कॅन्टिलिव्हरसाठी किती जागा उरली असेल, तुम्हीच सांगा.

त्याच दिवशी मीही तसलेच काळे बूट घालून दिवसभर फिरलो. मला काहीही झालं नाही. (सिलेक्शन माझंही झालं नाही, पण टाचा शाबूत राहिल्या!) माझे बूट महाग होते का? नाही. फरक एवढाच की माझे चार महिन्यांचे होते. आणि दुसरं म्हणजे मी वयाच्या सहाव्या वर्षापासून काळे लेदर शूज घालतोय. दर जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आई नवे बूट रोज संध्याकाळी घरातल्या घरात अर्धा तास घालायला लावायची. मी कुरकुर करायचो. सगळ्यांच्याच घरी असं करतात अशी माझी समजूत होती. नवा बूट आधी पायाला लावून घ्यावा लागतो हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, ते मला आयतंच मिळालं. माझ्या रूममेटला ते मिळालं नाही. माझं म्हणणं सगळं इथूनच सुरू होतं.

आधी बघू या, बूट चावतो का. इंजिनिअर आहोत, तेव्हा कारण कळलंच पाहिजे.

चामडं म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंचं जाळं. कापडात उभे-आडवे धागे असतात तसे यात नसतात, सगळे एकमेकांत गुंतलेले असतात. नवं चामडं वाकायला तयार नसतं. त्यावर थोडा-थोडा ताण बराच वेळ येत राहिला की तंतू सरकून नव्या आकारात बसतात. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण क्रीप आणि स्ट्रेस रिलॅक्सेशन पाठ करतो ना, तेच हे. त्यात वेळ हा घटक असतो. घाई करून तो वगळता येत नाही.

बुटाच्या टाचेमागे आतून एक कडक तुकडा बसवलेला असतो, त्याला काउंटर म्हणतात. आणि नव्या बुटाचा तळही कडक. चालताना पाऊल बोटांपाशी वाकतं, पण बूट वाकत नाही. मग काय होतं? टाच बुटात वर सरकते आणि परत खाली येते. प्रत्येक पावलाला एकदा. दिवसभरात किती पावलं होतात त्याचा हिशोब करा!

फोड तरी नुसत्या घासण्याने येतो का? नाही. कातडी बुटाला आणि मोज्याला धरून राहते आणि आतलं हाड पुढे-मागे हलत राहतं. या ओढाताणीत कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि मधे पाणी भरतं. शुद्ध शिअर फेल्युअर! घामाने ओलसर झालेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त धरून राहते, म्हणून टेन्शनमध्ये घाम फुटला की फोड लवकर येतो. इंटरव्ह्यूच्या दिवशी घाम फुटणार नाही तर कधी फुटणार?

आता उपाय. हे सगळं मी आई, गेटबाहेर बसणारे चर्मकार काका आणि स्वतःचे पाय यांच्याकडून गोळा केलंय.

पहिली गोष्ट खरेदीची. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. ज्या मोज्यावर घालणार तेच मोजे दुकानात घेऊन जा. दोन्ही पायांत घालून उभे राहा, चाला. एक पाय बहुधा किंचित मोठा असतो, माप त्याचं घ्यायचं. "घालून घालून सैल होतील" हे दुकानदाराचं वाक्य अर्धंच खरं आहे. चामडं रुंदीत थोडं सैल होतं, लांबीत वाढत नाही. बोटं पुढे टेकत असतील तर तो बूट जन्मभर टेकणार. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. (मूळ हिशोब जवाच्या दाण्याचा, तीन दाणे म्हणजे एक इंच.) म्हणजे अर्धा नंबर म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर. पण टाचेला विचारा, चार मिलिमीटर म्हणजे काय ते!

रुंदीचा प्रश्न तर आपल्याकडे जास्तच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. त्यात आपले पाय सर्वसाधारणपणे रुंद असल्याचं दिसलं. अनवाणी वाढलेल्या माणसांचे पाय बूट घालून वाढलेल्यांपेक्षा रुंद असतात, हे दक्षिण भारतातल्या लोकांवर झालेल्या २००९ च्या एका अभ्यासातही दिसलंय. तेव्हा शेतात, अंगणात मोकळ्या पायांनी वाढलेल्या मुलाने निमुळत्या टोकाचा बूट घेतला तर दोष त्याच्या पायाचा नाही, बुटाच्या साच्याचा आहे. पुढून गोल असलेला बूट घ्या. दिसायला साधा वाटला तरी चालेल. आणि पहिलाच फॉर्मल बूट असेल तर लेसचा घ्या. लेस आवळली की टाच जागेवर राहते. बिनलेसचा बूट पायात टिकायला घट्टच घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. कमीत कमी दोन आठवडे हाताशी ठेवा. पहिले तीन-चार दिवस रूममध्येच अर्धा तास. अभ्यासाला बसताना घाला, मधे उठून चार फेऱ्या मारा. मग मेसपर्यंत. मग एखादं लेक्चर. मग अर्धा दिवस. एक दिवस घातले की एक दिवस विश्रांती, म्हणजे आतला घाम वाळतो. टाचेला टोचायला लागलं की थांबायचं, मर्दुमकी दाखवायची नाही. घरी जुनी स्कूटर असेल तर बाबांना विचारा. नवी गाडी घेतली की पहिले काही शे किलोमीटर हळू चालवायची, रनिंग-इन करायचं, हे त्यांना पाठ असेल. गाडीच्या इंजिनाला जो मान देतो तो आपल्या टाचेला का देत नाही?

तिसरी गोष्ट, जे करायचं नाही ते. होस्टेलवर एक फेमस उपाय आहे : जाड मोजे घालून बूट चढवायचे आणि हेअर ड्रायर मारायचा. नको! उष्णतेने चामड्यातला ओलावा आणि तेलाचा अंश जातो, पुढे भेगा पडतात, आणि तळ नुसता चिकटवलेला असेल तर गोंदही सुटू शकतो. बूट भिजवून हीटरजवळ वाळवणं त्याहून वाईट. खोबरेल तेल चोपडणं हाही आपला लाडका उपाय. पण आपण घेतो त्या चकचकीत बुटावर वरून प्लॅस्टिकसारखा थर असतो, तेल आत फारसं जात नाही, वर डाग पडतात आणि पॉलिश धरत नाही. आणि बूट रेक्झिनचा असेल तर तो सैल होईल ही आशाच सोडा. तो पहिल्या दिवशी नीट बसला पाहिजे.

एकाच जागी टोचत असेल तर गेटबाहेरच्या काकांकडे जा. ते लाकडी साचा घालून बूट रात्रभर ठेवतात आणि टाचेची कड हातोडीने हलके ठोकून गोल करतात. घेतात ते चहा-वड्याचे पैसे. माझ्या रूममेटचा बूट हातात घेऊन त्यांनी आत बोट फिरवलं आणि पाय न बघता सांगितलं, "डाव्या टाचेला जास्त लागलंय ना?" बरोबर होतं! आपण त्यांच्याकडे फक्त चप्पल तुटली की जातो. चामड्याबद्दल त्यांना जे कळतं ते विचारायला कधी जात नाही.

चौथी गोष्ट अडचणीच्या दिवसाची. समजा, वेळच मिळाला नाही. तर मेडिकलमध्ये कागदासारखी पांढरी टेप मिळते, ड्रेसिंगला लावतात ती. सकाळीच, दुखायच्या आधी, कोरड्या टाचेवर लावायची. हे मनाचं सांगत नाही. अडीचशे किलोमीटरच्या एका शर्यतीत १२८ धावपटूंवर स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हा प्रयोग केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. टेप लावलेल्या जागी ९८ जणांना फोड आले नाहीत, न लावलेल्या जागी ८१ जणांना आले. मोजे टाचेच्या बरेच वर येणारे हवेत आणि एक कोरडा जोड बॅगेत हवा. तरीही फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका, तीच नैसर्गिक ड्रेसिंग आहे.

आणि मित्राचे जुने बूट उसने घेणं? ते मऊ झालेले असतात, कबूल. पण मऊ झालेले असतात त्याच्या पायाला! तुमच्या पायाला ते पुन्हा नवेच.

हे सगळं रूममेटला सांगत होतो, तर त्याने कपाळावर हात मारला. "आरं, हे तर आमच्या आज्जाला बी म्हाईत हुतं! नवं पायताण आणलं की त्याला तेल लावायचा, आठ दिस गोठ्यात न्हाईतर अंगणात वापरायचा, मगच बाजाराला घालून जायचा." म्हणजे ज्ञान घरातच होतं. कोल्हापुरी चप्पलही नवी असताना चावतेच. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्याला तेल मानवतं. काळ्या बुटाचं बहुतेक क्रोमने कमावलेलं, त्याला वेगळी वागणूक. पण 'वेळ द्या' हा नियम दोघांना सारखाच. फक्त दुकानातल्या चकचकीत बॉक्समधून आलेली वस्तू पहिल्या दिवसापासून तयारच असणार, असं याला वाटलं. चुकलं का त्याचं? बॉक्सवर कुठे लिहिलं होतं?

जाता जाता एक गंमत. याच कोल्हापुरीसारख्या चपला २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये दाखवल्या आणि केवढा गाजावाजा झाला! मिलानच्या रॅम्पवर चालते ती आपल्या अॅडमिन बिल्डिंगमध्ये चालत नाही. असो.

आता मुद्द्यावर येतो. माझी तक्रार बुटांबद्दल नाही, नोटिशीबद्दल आहे. फॉर्मल्स हवेत, मान्य. कंपनीसमोर नीटनेटकं जावं, हेही मान्य. पण ज्या वस्तूला तयार व्हायला दोन आठवडे लागतात, ती तीन दिवसांच्या नोटिशीवर कंपल्सरी कशी करता? ज्याच्या कपाटात ती आधीपासून आहे त्याला ही नोटीस पुरते. ज्याला घरून पैसे मागवून, बाजारात जाऊन, आयुष्यात पहिल्यांदा घ्यायची आहे त्याला पुरत नाही. नोटीस सगळ्यांना एकच, पण भार सारखा नाही.

आमच्या एका सरांशी यावर बोललो. ते म्हणाले, "अरे, बाहेरच्या जगात कोणी नोटीस देत नाही. अॅडजस्ट व्हायला शिका." सरांचा मान राखून सांगतो, अॅडजस्ट व्हायची आमची तयारी आहेच, पण कातडीची नाही. शिवाय हे बाहेरचं जग नाही, कॉलेज आहे. सबमिशनची तारीख सेमिस्टरच्या सुरुवातीला सांगता, मग बुटांची का नाही?

मागणी फार मोठी नाही. एक, ड्रेस कोडची सूचना पाचव्या सेमिस्टरच्या शेवटी, सुट्टीला घरी जायच्या आधी द्या. घरी जाऊन पैशांचं बोलता येतं, फोनवर मागताना जीव नको होतो. दोन, 'लेदर' शब्द काढून 'स्वच्छ काळे बूट' एवढंच लिहा. टेबलाच्या पलीकडून लेदर की रेक्झिन हे कोण बघणार आहे? तीन, ज्याच्या टाचेला पट्टी आहे त्याला त्या दिवशी साध्या सँडलवर बसू द्या. लेडीज होस्टेलच्या मैत्रिणींनाही हेच लागू. त्यांच्या बेलीजही काही कमी चावत नाहीत, असं त्या सांगतात.

आणि चौथं, हे आपल्यासाठी. सीनिअर म्हणून आपण ज्युनिअर्सना कोणत्या विषयाची कुठली नोट्स चांगली, मेसचा कुठला वार टाळायचा, सगळं सांगतो. हेही सांगू या. मला आईने सांगितलं होतं. ज्याला घरून कोणी सांगितलं नाही त्याला होस्टेलने सांगायचं, नाहीतर होस्टेल कशाला?

रूममेटच्या टाचा भरायला नऊ दिवस लागले. त्यानंतर त्याने तेच बूट बाहेर काढले. टाच दाबून मोडलेली बाजू काकांनी जमेल तेवढी सरळ करून दिली, थोडी सुरकुती राहिलीच. हल्ली रोज रात्री मेसला जाताना तो बर्म्युडा, बनियन आणि काळे फॉर्मल शूज अशा अवतारात निघतो. पोरं हसतात. तो म्हणतो, "हसा. जुलैत बघू."

जुलैत प्लेसमेंटचा सीझन सुरू होईल. एस.ई.च्या मुलांनो, तुम्हाला अजून वर्ष आहे. टी.ई.वाल्यांनो, आपल्याला तीन महिने. बूट घ्यायचे असतील तर आत्ताच घ्या, आणि उद्या संध्याकाळी मेसला घालून या. आमच्या मजल्यावर आता तुम्हाला कोणी हसणार नाही.